नटबोल्टला जस्ताचा मुलामा : घरी काय करावं, काय करू नये



आता आपल्या बऱ्याच गटांच्या दारात एखादी गाडी उभी असते. कुणाचा भाजी वाहायचा छोटा टेम्पो, कुणाची प्रवासी भरणारी जुनी जीप, कुणाच्या मुलाची रिक्षा, कुठे गटाने घेतलेला पॉवर टिलर. मालक वेगळे, गाड्या वेगळ्या, पण दुखणं एकच. गंज. त्यातून आपण समुद्राकाठच्या असू तर विचारायलाच नको. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून लोखंडाची पार वाट लावतात.

इंजिनाकडे आपण लक्ष देतो, टायरकडे देतो. गंज मात्र सुरू होतो बारक्या भागांपासून. दाराची बिजागरी, बॅटरी दाबून धरणारी पट्टी, नंबरप्लेटचे स्क्रू, हौद्याची कडी, सीटखालचे क्लॅम्प, वायसर. पुढे कधी काम निघालं की तो नट काही केल्या सुटत नाही. मेकॅनिक छिन्नीने तोडतो आणि एका नटासाठी सगळी पट्टीच बदलावी लागते. म्हणून बैठकांत दोन प्रश्न हमखास येतात. या लहान भागांना घरी मुलामा देता येतो का? आणि गटाला त्याचा धंदा करता येईल का? दोन्हींची उत्तरं या पाठात आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काही जणींना आवडणार नाही, तरी शेवटपर्यंत वाचा.

कल्हई आणि जस्ती बादली

मुलामा आपल्याला नवा नाही. कल्हईवाला यायचा, नवसागर टाकून तापलेल्या पातेल्यात कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा आणि काळंनिळं पातेलं चांदीसारखं व्हायचं. तांब्यापितळेचा आंबट अन्नाशी संबंध येऊ नये म्हणून वर कथलाचा पडदा. हा झाला एक प्रकार, झाकण्याचा.

दुसरा प्रकार जस्ती बादलीचा. तिच्या पत्र्यावर जस्त असतं. आता एक गोष्ट आठवून बघा. तेलाचा पत्र्याचा डबा असतो त्यावर आतून-बाहेरून कथलाचा पातळ थर असतो. त्या डब्याला ओरखडा पडला की तिथे आठवड्यात गंज दिसतो आणि आत आत पसरत जातो. जस्ती बादलीला विहिरीच्या काठावर घासून कितीही ओरखडे पडू द्या, ती ओरखड्यापाशी सहजासहजी गंजत नाही. असं का?

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की लोखंड हळूहळू झिजून त्याची तांबडी पूड होते, तोच गंज. पाण्यात मीठ असलं तर हे काम जोरात चालतं. लोखंडाला दुसरा धातू चिकटलेला असेल तर त्या दोघांतला जो जास्त हळवा, तो आधी झिजतो. कथलापेक्षा लोखंड हळवं, म्हणून ओरखडा पडला की कथील शाबूत राहतं आणि लोखंडच खाल्लं जातं. जस्त लोखंडापेक्षाही हळवं. ते आधी स्वतः झिजतं आणि शेजारचं लोखंड वाचवतं. घरात असं कोण कोण असतं ते मी सांगायला नको!

म्हणूनच गाडीच्या नटबोल्टला कारखान्यातही बहुतेक जस्तच लावतात. हे जस्त आपल्या देशाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथे शेकडो वर्षांपूर्वी मातीच्या मुशीत जस्त काढायचे. ते अवघड काम होतं, कारण जस्त भट्टीत वितळून थांबत नाही, वाफ होऊन उडून जातं. ती वाफ पकडून थंड करायची युक्ती तिथल्या लोकांनी साधली होती.

जस्त संपलं की त्याचं राखण संपलं, हेही लक्षात असू द्या. थर जितका जाड तितके दिवस जास्त. घरी दिलेला थर पातळच असतो. तो कारखान्यातल्या गरम जस्तात बुडवलेल्या पत्र्याइतका टिकेल अशी आशा धरू नका.

आधी नकार शिका

कृती नंतर सांगते. आधी कोणत्या भागांना हात लावायचा नाही ते.

ब्रेकचा कुठलाही भाग, स्टिअरिंगचा कुठलाही भाग, चाकाचे नटबोल्ट, सस्पेन्शनचे भाग, सीटबेल्टचे बोल्ट, सगळ्या स्प्रिंगा आणि स्प्रिंग वायसर. यांना घरी आम्लात भिजवायचं नाही आणि मुलामाही द्यायचा नाही. बोल्टच्या डोक्यावर नीट बघा. पुष्कळ बोल्टवर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे आकडे कोरलेले असतात. तो बोल्ट किती ताकदीचा आहे हे ते आकडे सांगतात. आपल्यासाठी सोपा नियम असा, की आकडा दिसला की तो बोल्ट बाजूला.

कारण असं. आम्लात आणि मुलामा देताना लोखंडावर हायड्रोजन वायूचे बारीक बुडबुडे तयार होतात. त्यातला थोडा वायू पोलादाच्या आत शिरतो. साध्या मऊ लोखंडाला त्याने काही होत नाही. पण कडक केलेल्या, जास्त ताकदीच्या पोलादाला तो आतून ठिसूळ करतो. १०.९ आणि १२.९ च्या बोल्टला हा धोका खरा असतो. असा बोल्ट बाहेरून नव्यासारखा चकाकतो, पाना लावून घट्टही बसतो. मग काही तासांनी किंवा काही दिवसांनी, ताण असतानाच, काडीसारखा तुटतो. ना वाकतो, ना आवाज करतो, ना कुठली सूचना देतो. कारखान्यात असे भाग मुलाम्यानंतर लगेच काही तास भट्टीत तापवून तो वायू बाहेर काढतात. घरच्या चुलीवर किंवा तव्यावर ते जमत नाही, तसा प्रयत्नही करू नका.

जीपमध्ये बारा माणसं बसलेली आहेत आणि घाटात चाकाचा बोल्ट तुटला, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. तो बोल्ट दुकानात नवा मिळतो. तिथे पैसे वाचवू नका.

मग घरी करण्यासारखं राहतं काय? पुष्कळ राहतं. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, पट्ट्या, क्लॅम्प, नंबरप्लेटचे आणि आतल्या पत्र्यांचे स्क्रू, आरशाची दांडी, साधे वायसर. ज्याच्यावर कुणाचा जीव अवलंबून नाही ते सगळं.

निम्म्याहून जास्त काम धुण्याचं

कल्हईवाल्याचा निम्मा वेळ पातेलं घासण्यात जायचा, आठवतंय ना? इथेही तसंच. मुलामा सुटला, डाग पडले, पापुद्रा निघाला, तर दहापैकी नऊ वेळा कारण एकच असतं. वस्तू स्वच्छ नव्हती.

पहिल्यांदा तेल आणि ग्रीस काढा. जाड थर लाकडाच्या काडीने खरवडा आणि मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि कपडे धुण्याची पावडर टाकून जुन्या दातघासणीने घासा. खाचांत आणि आट्यांत नीट घुसा. मग तारेच्या ब्रशने सैल गंज झाडा. झाडताना तोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा हवा. साध्या वाचायच्या चष्म्याने भागत नाही, बाजूनेही झाकणारा घ्या.

आता उरलेला गंज. त्यासाठी किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर चांगलं. नाहीतर लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिडची पूड, एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम. प्लॅस्टिकच्या डब्यात वस्तू पूर्ण बुडेल एवढं घ्या. लिंबूसत्वात काही तास पुरतात, व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवावं लागतं. मधूनमधून काढून घासा. गंज गेला की लगेच काढा, दोन-दोन दिवस विसरून राहू नका, नाहीतर चांगलं लोखंडही झिजायला लागतं. चिंचेच्या पाण्यानेही गंज निघतो, पण वेळ लागतो आणि चिकटपणा राहतो. चिंच आमटीसाठी ठेवा.

काही जणी संडास धुण्याचं ॲसिड वापरतात, कारण गंज पाच मिनिटांत जातो. ते करू नका. एक तर त्याची वाफ छातीला आणि डोळ्यांना वाईट. दुसरं, ती वाफ खोलीभर पसरते आणि विळे, कोयते, शिलाई मशीन, जे जे लोखंडी तिथे आहे त्या सगळ्यावर दोन दिवसांत तांबडी झाक येते. आणि ते ॲसिड चुकून कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात त्याने माणूस जाऊ शकतो.

जुन्या वस्तूवर आधीचं जस्त शिल्लक असेल तर आम्लात टाकल्यावर ती जोरात फसफसेल. तो हायड्रोजन, पेट घेणारा वायू. म्हणून हे काम उघड्या पडवीत करायचं, चुलीपासून, गॅसपासून, उदबत्तीपासूनही लांब. आणि जुनं जस्त घालवायला वस्तू जाळात टाकू नका. जस्त जळून पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून सणकून ताप भरतो.

गंज निघाला की वस्तू खायच्या सोड्याच्या पाण्यात दोन मिनिटं हलवा, म्हणजे राहिलेलं आम्ल मरेल. मग स्वच्छ पाण्याने धुवा आणि परीक्षा घ्या. वस्तूवर पाणी ओता. पाणी सगळीकडे सारखं, चादरीसारखं पसरलं तर वस्तू स्वच्छ. अळूच्या पानावर जमतात तसे थेंब गोळा झाले तर अजून तेल आहे, परत सोड्याने घासा. इथून पुढे वस्तूला उघडा हात लावायचा नाही. बोटांचं तेलही पुरतं. आणि थांबायचंही नाही, कारण असं उघडं पडलेलं ओलं लोखंड बघता बघता पिवळं पडतं.

मुलामा

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत, पण प्रत्येक नीट बघून घ्यायला हवी.

झिंक सल्फेट कृषी सेवा केंद्रात मिळतं, भाताला आपण देतोच. पिशवीवर वाचून घ्या. 'हेप्टाहायड्रेट, झिंक २१ टक्के' असेल ते आपल्या कामाचं. ३३ टक्क्यांचं मोनोहायड्रेट असेल तर तेही चालतं, फक्त दोन तृतीयांशाहून थोडं कमी घ्यायचं. 'चिलेटेड झिंक, १२ टक्के' मात्र नको, त्यातून मुलामा नीट बसत नाही.

दुसरं, शुद्ध जस्ताची पट्टी. जिल्ह्याच्या गावी धातूच्या व्यापाऱ्याकडे मिळते. जस्ती पत्र्याचा तुकडा कापून चालणार नाही. त्यावर जस्ताचा थर नावाला असतो, तो संपला की खालचं लोखंड पाण्यात उतरतं. बॅटरीचे जुने सेल फोडून जस्त काढायचा सल्ला काही जण देतात. मी देणार नाही. आतली काळी पूड घाण असते, आणि कुठला सेल कसला आहे हे वरून प्रत्येकीला कळेलच असं नाही. मोबाईलचा सेल तर फोडायचाच नाही, तो पेटतो.

तिसरं, वीज. टॉर्चचा मोठा १.५ व्होल्टचा एक सेल पुरतो. घरातल्या बोर्डाची वीज कधीच नाही. गाडीची १२ व्होल्टची बॅटरीही नाही. तिच्यात एवढा जोर असतो की दोन वायरी एकमेकींना लागल्या तर लाल होऊन हात भाजतो.

आता द्रावण. अर्धा लिटर पांढरं व्हिनेगर, अर्धा लिटर गाळलेलं किंवा पावसाचं पाणी, त्यात १०० ग्रॅम झिंक सल्फेट (२१ टक्केवालं). लाकडी काडीने ढवळून पूर्ण विरघळवा आणि जुन्या सुती कापडातून गाळा, कारण खताच्या पिशवीत थोडा गाळ असतोच. भांडं काचेच्या बरणीचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या. स्टील, ॲल्युमिनियम, पितळ नको. हातात रबरी हातमोजे असू द्या.

इथे एक कळकळीची गोष्ट. झिंक सल्फेट दिसायला हुबेहूब जाड्या साखरेसारखं असतं. पोटात गेलं तर उलट्या आणि पोटात आग, डोळ्यात गेलं तर डोळ्याला इजा. ते स्वयंपाकघरात आणायचं नाही, साखरेच्या किंवा मिठाच्या जुन्या बरणीत भरायचं नाही. या कामाची बरणी, चमचा, डबा वेगळे ठेवा, त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढा आणि कुलपात ठेवा. ती बरणी पुन्हा लोणच्याकडे वळता कामा नये. घरात अक्षर न वाचणारी सासूबाई असेल, रांगतं मूल असेल, तर लेबलाचा उपयोग नाही, कुलपाचाच आहे. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि मग दवाखान्यात. पोटात गेलं तर थांबू नका, पिशवी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

जोडणी अशी. सेलच्या धन टोकाची, म्हणजे टोपीवाल्या बाजूची वायर जस्ताच्या पट्टीला. ऋण टोकाची, म्हणजे सपाट बुडाची वायर आपल्या वस्तूला. उलटं झालं तर वस्तूवर जस्त चढायच्या ऐवजी वस्तूच विरघळायला लागेल. पट्टी आणि वस्तू द्रावणात सोडा, मध्ये चार बोटं अंतर. एकमेकांना टेकू द्यायचं नाही. पट्टीला बांधलेली तांब्याची वायर द्रावणाच्या वरच राहिली पाहिजे. ती बुडाली तर तांबं उतरून मुलामा काळपट होतो.

जस्त समोरच्या बाजूवर जास्त चढतं, पाठीमागे आणि खोल भोकात कमी. रंगाचा फवारा मारतो तसंच समजा. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक पट्टी लावून दोन्ही धन टोकाला जोडली तर उत्तम. नाहीतर दर पाच मिनिटांनी वस्तू फिरवत राहा.

अर्धा ते पाऊण तास लागतो. थोडे बारीक बुडबुडे चालतील. भराभरा फसफसायला लागलं तर अंतर वाढवा. रंग कसा येतोय त्यावर नजर ठेवा. राखाडी, मंद, एकसारखा रंग आला तर काम बरोबर चाललंय. काळा, भुसभुशीत, बोटाने निघणारा थर आला तर वीज जास्त झाली. तो घासून काढून पुन्हा सुरुवात करायची, त्यावरच चढवत राहून काही होत नाही. किती वीज लागते त्याचा अंदाज हवा असेल आणि मुलाकडे मीटर असेल तर आगपेटीच्या निम्म्या आकाराच्या वस्तूला साधारण ०.२ अँपिअर पुरे. एकदम दहा नट एका तारेत ओवू नका, एका सेलचं ते काम नाही.

काढल्यावर पाण्यात धुवा, खायच्या सोड्याची पेस्ट करून पितळी तारेच्या ब्रशने हलके घासा. आता ती राखाडी वस्तू उजळते. कोरडी पुसा, उन्हात तासभर ठेवा.

इतक्यावर थांबलात तर पहिल्या पावसात वस्तूवर पांढरी, पिठासारखी पूड येईल. नवे पत्रे ओले रचून ठेवले की येते तीच. कारखान्यात ती येऊ नये म्हणून जस्तावर आणखी एक पाणी देतात, पिवळसर सोनेरी नटबोल्ट आपण पाहतो ते त्याचेच. त्याच्या जुन्या पद्धतीत क्रोमियमचं जे रूप वापरतात ते कर्करोग करणारं आहे. त्याची पूड किंवा पाणी कुणी स्वस्तात देतो म्हटलं तरी घरात आणू नका. आपण वरून तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात देऊ. मेण किसून कोमट खोबरेल तेलात विरघळवून फडक्याने चोळलं तरी बरंच काम होतं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक हात. नव्या जस्तावर थेट साधा ऑइलपेंट मात्र लावू नका, थोड्या महिन्यांत त्याचे पापुद्रे निघतात. आधी जस्ती पत्र्यासाठीचा प्रायमर लागतो.

वीजच नको असेल तर

हा सगळा खटाटोप प्रत्येक वस्तूला करायची गरजही नाही. बिडाचा तवा आपण कसा तयार करतो? तापवून, तेल लावून, पुन्हा तापवून. कड्या-कोयंडे, हुक, पट्ट्या यांना तीच युक्ती लागू पडते. वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करा, कोरडी वस्तू हाताला चटका बसेल इतकी गरम करा, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, पुसून काढा, पुन्हा गरम करा. असे तीन-चार हात दिले की काळा, कडक, चिकट नसलेला थर बसतो. शेंगतेल नको, ते धड वाळत नाही, त्यावर धूळ बसते. ज्या वस्तूवर आधीच जस्त आहे तिला ही गरम करायची पद्धत लावू नका, त्या धुराचं वर सांगितलंच आहे.

आणि जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना गरम होतं. बोळा करून टाकलेलं फडकं काडी न लावता आपोआप पेटू शकतं. काम झालं की फडकी पाण्यात भिजवा किंवा एकेक पसरून उघड्यावर वाळवा.

राहिलेलं पाणी

द्रावण एकदा केलं की फेकायचं नसतं. गाळून, झाकण लावून, लाल पट्ट्याच्या कॅनमध्ये ठेवलं तर पुन्हा पुन्हा वापरता येतं. व्हिनेगर उडून कमी झालं तर थोडं घाला. म्हणून फेकायची वेळ क्वचित येते. आली तर ओढ्यात, विहिरीजवळ, गुरांच्या पाण्याच्या हौदाजवळ किंवा परसातल्या भाजीवर ओतायचं नाही. "झिंक तर खतच आहे की!" असं वाटेल. खत मापात असतं, हे नसतं. शिवाय त्यात जुन्या वस्तूंवरून उतरलेलं काय काय असतं. जस्त माशांना तर फार थोडंही बाधतं. त्या पाण्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा टाका. फेस येईल, मग पांढरा साका खाली बसेल. फेस यायचा थांबेपर्यंत सोडा घाला आणि दोन दिवस स्थिर ठेवा. साका गाळून वाळवा आणि घट्ट डब्यात ठेवा. जवळच्या एमआयडीसीत प्लेटिंगचं युनिट असेल तर तो डबा त्यांच्याकडे द्या, अशा साक्याची सोय त्यांना करावीच लागते. वरचं निवळ पाणीही पाण्याच्या जागांपासून आणि पिकापासून लांब, पडीक जागेत जिरवा.

आता धंद्याचं

मुलाम्याचं यंत्र, रसायनं आणि "महिन्याला एवढे मिळतील" असा हिशेब घेऊन कुणी गटाकडे आलं, तर सही करण्याआधी हे वाचून दाखवा. स्वतःच्या गाडीची चार बिजागरी घरी करणं वेगळं आणि लोकांचा माल पैसे घेऊन करणं वेगळं. आम्लात धुणं आणि विजेचा मुलामा देणं हे उद्योग प्रदूषणाच्या सरकारी वर्गवारीत लाल गटात, म्हणजे सर्वात जास्त प्रदूषण करणाऱ्यांत मोडतात. त्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, सांडपाणी शुद्ध करायची व्यवस्था लागते. पडवीत बसून होणारा हा धंदा नाही. गटाचं कर्ज त्यात अडकलं आणि उद्या नोटीस आली, तर यंत्र विकणारा हप्ते भरायला येणार नाही.

हिशेबही करून बघा. साधा नवा नटबोल्ट कारखान्यातून मुलामा होऊनच येतो, आणि त्याच्या किमतीत तुमचा पाऊण तासही बसत नाही. प्लेटिंगची युनिटं लहान भाग पिंपात फिरवून शेकड्याने करतात आणि किलोवर दर लावतात. त्यांच्याशी आपली स्पर्धा होऊच शकत नाही.

पण याच गोष्टीत एक वाट आहे. गावातल्या जीप, टेम्पो, टिलर यांचे साधे भाग गोळा करायचे, सोड्याने तेल काढून, तारेच्या ब्रशने साफ करून, कुणाचा कुठला ते चिठ्ठी लावून वेगळे करायचे आणि पोतं भरलं की तालुक्याच्या प्लेटिंगवाल्याकडे किलोच्या दराने करून आणायचे. जाण्यायेण्याचं भाडं, दर आणि आपली मजुरी मांडून काय उरतं ते आधी वहीत लिहून बघा. ब्रेकचे, स्टिअरिंगचे, चाकाचे भाग आणि आकडेवाले बोल्ट पोत्यात घ्यायचेच नाहीत, मालक कितीही म्हणाला तरी. शिवाय बिजागऱ्यांना प्रायमर आणि रंग, कड्यांना जवस तेलाचा हात, पावसाआधी गाडीच्या खालच्या बाजूला ग्रीस, ही कामं गावातच करता येतात. त्यांना भांडवलही थोडं लागतं.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने येताना दोन गोष्टी आणा. जस्ती खिळा किंवा जस्ती पत्र्याचा तुकडा आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा तुकडा. कडा धारदार असतात, कागदात गुंडाळून आणा. दोन्हींवर कानशीने एकेक खोल ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यावर ठेवू, फडकं रोज ओलं करू. आठ दिवसांनी कुठल्या ओरखड्यात तांबडं दिसतं ते सगळ्यांनी बघायचं आणि गटाच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवायचं.